बर्फाच्या रस्त्याचं पान

कॅर्डलाच्या नगरकचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
हीटर कुरकुरतो आणि तावेत बोलत राहतो.
त्याच्या तक्त्यात डावीकडे सात फ्रेमवर्क,
वर निकष: वेग, कागदपत्रं, किती जण वापरतात,
शेवटची दुरुस्ती कधी.
हिरवे चौकोन, पिवळे चौकोन. लाल ओळ एकच:
आपलं जुनं, चौदा वर्षांचं,
ज्याच्या कर्त्यांनी गेल्या मार्चमध्ये
दोन ओळींचा निरोप लिहून दिवा मालवला.

पानाचं काम ते काय?
समुद्र गोठला तर म्हणायचं, रस्ता उघडा.
दोन गाड्यांत अडीचशे मीटर ठेवा.
पट्टा लावू नका.
पंचवीस ते चाळीस या वेगात अजिबात जाऊ नका,
बर्फाखाली लाट उठते.
नाही गोठला तर म्हणायचं, बंद.

"यात सगळं आयतं आहे," तावेत म्हणतो,
"लॉगिन, फॉर्म, भाषांतर."
"आणि ते खालचं?"
"ते नवं. भन्नाट वेग."
उर्वे मोज्याची टाच विणत विचारते, "नवं म्हणजे किती?"
"आठ महिने."
ती टाके मोजते. चुकते. पुन्हा मोजते.

मग एल्मार आला, बुटांवर चिखल घेऊन.
जानेवारीत चिखल!
हाच तो, दर शंभर मीटरवर भोक पाडून
पट्टी बुडवणारा,
हातमोजा दातांत धरून फोनवर आकडा टाइपणारा.
त्याचं यंत्र गेले किती हिवाळे भिंतीला टांगलेलंय.
तक्त्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं,
बैल बाजारात पाहावा तसं, दात कुठे आहेत ते शोधत.

"सहा वर्षं कुणी हात लावला नाही," म्हणाला,
"आणि सातव्या वर्षी पहाटे मी बटण दाबलं,
तर यातलं कुठलं चालू होईल?
माझं ड्रिल होतं. तेल घातलं की होतं."

तावेतने नवा रकाना काढला.
त्याला नाव काय द्यावं ते सुचेना,
रंगही सुचेना.
दुपारपर्यंत तो रकाना पांढराच होता,
बाहेर फेरी भोंगा वाजवून निघून गेली,
उघड्या, काळ्या पाण्यातून.

शेवटी आम्ही सगळ्यांत कंटाळवाणं घेतलं.
ज्याच्याबद्दल कुणी भांडत नाही,
ज्याची नवलाई तावेतच्या जन्माआधीच सरली.
तावेत थोडा हिरमुसला,
पण गुरुवारी संध्याकाळी पान उभं केलं त्यानेच.
एकच शब्द, मोठ्या अक्षरात: बंद.

चाचणी म्हणून त्याने तो बदलला,
मिनिटभर, फार तर दीड.
उघडा.

उर्वेच्या टेबलावरचा फोन वाजला.
हेल्टर्माहून कुणी म्हातारी होती,
श्वास लागलेला, मागे कुत्रं भुंकत होतं.
"खरंच?" तिने विचारलं.
"खरंच का हो?"