अर्ध्या लिटरची थंडी

लाखनीच्या जनावरांच्या दवाखान्यातून
टिकारामने थर्मासात आणली अर्धा लिटर थंडी.
नंदागवळी डॉक्टरांचा निरोप: झाकण घट्ट लावू नका,
आणि वळूंच्या कांड्या उघड्या पडतील
एवढा नायट्रोजन पुन्हा मागू नका.

कॉलेजला उन्हाळी सुटी.
प्रयोगशाळेच्या खिडक्यांना धानाची रिकामी पोती ठोकून
आम्ही भर दुपारी रात्र केली आहे.
दिवा पतसंस्थेचा, खोट्या नोटा पकडायचा.
त्यांनी नवा घेतला, जुना मी मागून आणला.

बशीत पांढरी भुकटी.
कुणी चुकून भाजीत घालेल अशी.
तिच्या आत चार तांबे, चार आयोडीन,
एकाआड एक, घनाच्या आठ कोपऱ्यांवर;
आणि दर तांब्याने बाहेरून धरून ठेवलंय
एक सेंद्रिय कडं,
ज्याच्या वासामुळे घरात
माझ्या ओढणीला वेगळी खुंटी आहे.

कड्याला शेपूट कुठे जोडायची,
तीन वर्षं मी एवढंच करते आहे.
एका बाजूला जोडली, उजेड हिरवट.
दुसऱ्या बाजूला, तर घनच उसवला, साखळी उरली.
खूप लांब जोडली तेव्हा स्फटिक देखणे आले
आणि काळोखात ढेकळासारखे गप्प.
वहीत त्या पानावर नुसती तारीख आहे.

आज बाबांना आणलंय.
भंडाऱ्यात तीस वर्षं तांब्या-पितळेवर हातोडा.
उजवा कान ठोक्यांनी नेला,
म्हणून डावीकडून सांगते: बाबा, यात तांबं आहे.
चिमूट बोटांत चोळून ते हुंगतात.
"तांब्याचा वास मले वळखू येते, पोरी. हे तांबं नाही."

दिवा लावते.
पिकल्या टेंभराच्या गरासारखी पिवळी
भुकटी जागच्या जागी पेटते.
जाळ नाही, धग नाही.
बाबा बशीखाली हात घालून बघतात.

मग नळी थर्मासात.
वाफ टेबलावरून घरंगळत
टिकारामच्या चपलांवर.
नळी वर काढते तर आत
जवसाच्या फुलाचा निळा.

गारठ्यात तांबे जवळ सरकतात, मी सांगू लागते,
उजेड आता दुसऱ्या घरातून येतो,
आयोडीन आणि कड्याच्या मधून...
"थंडीनं तांबं आखडते, हे मले नको सांगू.
हे निळं काहून झालं, ते सांग."

तेच सांगत होते. पुन्हा सांगते,
आणि अर्ध्यात माझ्या लक्षात येतं
की शेपटीचा हिशेब मलाही
शेवटपर्यंत लागलेला नाही.

ते ऐकत नाहीत तसेही.
दुपट्ट्यात नळी धरून, नखाने हलकेच टिचकी मारून
डाव्या कानाशी नेतात,
गुंडाला चीर गेली का पाहताना नेत तशी.
डोळे मिटलेले.
निळा बुडापासून पिवळा होत चढतो,
त्यांच्या कानाच्या पाळीपर्यंत.

"अजून आहे का थंडी?" ते विचारतात.
टिकाराम थर्मास उलटा करून दाखवतो.