कोण हवंय आपल्याला?

राउटर उलटा केला. पोटावरच्या चिकटपट्टीवर
पासवर्ड, अर्धा पुसलेला. शून्य की ओ?
क्रिस्ताल्लाबाई म्हणाल्या, शून्य. माझी बोटं ओळखतात.
तीस वर्षं निकोसियाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन, हातात वायरींची शेपटं,
"कोण हवंय आपल्याला?"

काम म्हटलं तर साधं. पर्थला भाऊ, पिएरिस.
त्यानं वीस वर्षांपूर्वी स्वतःच लिहिलेला
तावलीचा खेळ: दोन फासे, सोंगट्या, चोवीस घरं.
तो कुठल्या पोर्टवरून बोलतो, हे आता त्यालाही आठवत नाही.
एकेक पोर्ट उघडून पाहिलं. त्यात रविवार गेला.
मग मेनूच्या तळाशी उतरलो: डीएमझेड.

जुन्या कंप्युटरला आधी कायमचा पत्ता दिला,
शेवटी बावन्न. रोज घर बदललं तर येणारा चुकेल.
तोच बावन्न चौकटीत भरला.
म्हटलं, आता बाहेरून जे जे न बोलावता येईल
ते सगळं याच्याच दारात.
"न विचारता?
कोण, कुठून, काहीच न विचारता जोडून द्यायचं?
आम्हाला मेमो मिळायचा."

बाल्कनीतून वाळूची पोती दिसतात, गंजलेली पिंपं,
पुढं पन्नास पावलं कुणाचीच नसलेली जमीन,
बंद दुकानाचं छप्पर फोडून आलेलं अंजिराचं झाड.
तिथं दोन भिंती आहेत आणि मधे माणूस नाही.
इथं मधे यंत्र आहे, आणि मागं भिंतच नाही.
हे नाव खोटं आहे, बाई, मी कबूल केलं.
बावन्न अजून घरातच आहे. तो फुटला
तर तुमचा बँकेचा लॅपटॉप हातभर लांब.

म्हणून लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर नेला.
घरचं पाहुणं झालं.
बावन्नवर फायरवॉल चढवली, नको त्या सेवा मारल्या,
'सेव्ह' दाबलं.

चाळीस सेकंदांत पहिली टकटक.
मग तेवीस नंबरवर. मग कुठल्याही.
कुणी नव्हतं त्यात; यंत्रं
दारोदार कड्या हलवून बघत होती.
"रात्रपाळीला असेच यायचे," त्या म्हणाल्या,
"फोन लावून गप्प राहणारे.
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यानंतर फार.
त्या टोकाला नुसता श्वास.
आम्ही लगेच तोडायचो नाही."

दुपारी, पर्थला दिवेलागणीच्या वेळी,
पडद्यावर फासे पडले. सहा, पाच.
"शेश-बेश," त्या पुटपुटल्या.
पोत्यांच्या पलीकडंही फासे याच नावानं मोजतात.

मी वायरी आवरत होतो. लॉगमध्ये ओळी वाढत होत्या.
त्यांनी सोंगटी सरकवली,
आणि दर नव्या ओळीला, पडद्याकडं न बघता,
जुन्या सवयीनं, अगदी हळू,
"कोण हवंय आपल्याला?"