जिथे थांबलात तिथून

भुसावळ, मे महिना, सेहेचाळीस अंश.
गच्चीवरची छत्री हात लावू देत नाही
आणि भारंबे काकूंचा फोन:
"अश्पाक, डब्यात कोणतरी शिरलं रे."

डबे मीच बसवलेले, मार्चमध्ये.
मोठा बैठकीत, रेकॉर्डिंगवाला.
धाकटा मागच्या खोलीत,
त्याच्या पोटात काही नाही, मागून खाणारा.
मधे चौदा मीटर वायर:
देव्हाऱ्यामागून, चौकटीवरून, मग भिंतीत भोक.
ड्रिल पलीकडे निघालं ते थेट कॅलेंडरातून,
एकादशी गेली.
काका म्हणाले, बरं झालं, साबुदाणा सोसत नाही.

दोन खोल्या का, मी विचारलं नव्हतं.
शिडी धरता धरता काकूच म्हणाल्या,
"यायले कूलर लागते उशाशी, फुल्ल.
मले त्या वाऱ्यानं मान धरते.
भांडण नाही बाप्पा आमचं."

तर शिरलं कोण?

रात्री काकू मालिका लावतात.
सुनेवर खटला चालू आहे, दागिन्यांचा.
बाराव्या मिनिटाला काकूंचा डोळा लागतो.
सकाळी डबा विचारतो,
जिथे थांबलात तिथून पुढे?
हो म्हटलं की एकतिसावं मिनिट.
वकील निघून गेलेला,
सून रडून मोकळी.
"मी काय झोपीत पाहते का रे?"

मागच्या खोलीत काका,
मालगाडीचे रिटायर गार्ड,
कूलरच्या वर आवाज काढून:
"मी फक्त कबड्डी पाहतो. मालिका? हॅट!"
मग रिमोट माझ्या हातात देताना,
कूलरपुढे जितकं हळू बोलता येतं तितकं हळू,
"ती बारावर थांबते. रोज.
तिथून मी उचलतो.
चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात बसलो, अश्पाक,
मले सगळं निघून गेल्यावरच दिसते."

काकू बिबडे उलटवत होत्या.
मी सांगितलं, खूण एकच आहे काकू,
दोन्ही खोल्यांना मिळून.
जो शेवटी थांबेल, त्याची.

एक बिबडा हातातच राहिला.
"म्हंजे एकतीसपर्यंत जागे होते काल.
परवा चौवेचाळीस होतं.
त्याच्या आदल्या दिवशी पूर्ण भाग."
बोटं मोजत होती.
"डाक्टरले तर सांगतात, झोप मस्त लागते."

दुरुस्त करू का, म्हटलं.
"काय दुरुस्त करतो? चहा घे."

श्रावणात पुन्हा फोन, डिस्क भरली.
यादी काढली. कबड्डी पुसली, काकांनी मान वळवली.
एका ठिकाणी अडलो:
गावच्या चॅनेलचे दोन तास,
नुसता निळा पडदा, तांत्रिक अडचण,
आणि खाली धावणारी पट्टी,
कूलर दुरुस्ती, मंगल कार्यालय, दशक्रिया,
फरसाण, हरवली आहे काळी बॅग.
हे तरी जाऊ द्या, मी म्हटलं.
"खबरदार," दोन्ही खोल्यांतून एकदम.
एक तास सतरा मिनिटांवर, आठ सेकंद,
चि. ओजस यास पहिल्या वाढदिवसाच्या,
शुभेच्छुक आजी-आजोबा.
ओजस पुण्याला आहे. सातवीत.
या डब्याआधीचे दोन डबे बदलले,
पट्टी प्रत्येकात मीच चढवून दिली होती,
विसरलो होतो.

डिसेंबरात धाकटा डबा काढायला बोलावलं.
कूलर गोणपाटात, ओट्यावर.
काकांची खाट बैठकीत,
काकूंच्या खाटेला लागून, मधे पाण्याचा तांब्या.
"फुकट भाडं कशाले भरायचं."

वायरही ओढून घेऊ का?
"वायर राहू दे," काकू म्हणाल्या,
"मार्च काय, आलाच."

निघताना सवयीनं रिमोट दाबला.
जिथे थांबलात तिथून पुढे?
बारावं मिनिट.
आदला भाग, बारा. त्याच्या आदला, अकरा.
आता दोघंही तिथंच झोपतात.
पुढचं कोणीच पाहिलेलं नाही,
वकील तोंड उघडून थांबलाय,
सून महिनाभर उभी आहे कोर्टात.