शंभर एमबी

उदगीरला, देगलूर रोडवर, झेरॉक्सच्या बाजूला
मुनीरभाईंचं डीटीपी.
लातूरहून आलेला पोरगा टायची गाठ सैल करत
काउंटरवर ठेवतो एक जाड, निळी डिस्क.
शंभर एमबी, चाचा. सत्तर फ्लॉप्या मावतात हिच्यात.
फ्लॉपी आता संपली समजा.

मुनीरभाई ती कानाशी नेऊन
टिचकी मारतात, टरबूज पारखावं तशी.
"बिदरच्या प्रेसकडं हिचं यंत्र हाय का?"
नाही.
"नांदेडला?"
एक आहे. बिघडलंय सध्या.
"मग पत्रिका हिच्यात भरून
नेऊ कुठं?"

लाइट जाते. पंखा रेंगाळत थांबतो.
मुनीरभाई चाचपडत ड्रॉवर ओढतात:
सव्वापाच इंची, साडेतीन इंची,
एक टेप, जिची कंपनीच उठली.
प्रत्येकीवर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव,
काही गिऱ्हाइकं आता नाहीत.

"कोणती चांगली ते नको सांगू, बाबा.
शेजाऱ्याकडं जी असल, ती टिकल."

पोरगा चहा संपवतो, वही मिटतो,
डिस्क विसरून जातो,
की मुद्दाम ठेवतो.

लाइट आल्यावर मुनीरभाई
पेन्सिलीला टोक काढतात,
कोऱ्या लेबलाकडं बघत बसतात थोडं,
आणि काहीच न लिहिता
तिला ड्रॉवरमध्ये सरकवतात,
सगळ्यांच्या वर.