दाणा

वडील साखर कारखान्यात पॅनमन होते.
रात्रपाळीला वाफेत उभे राहून
जाड भिंगातून उकळता पाक बघायचे,
पितळी सळई खुपसून थेंब काढायचे,
काचपट्टीवर फासून दिव्यासमोर धरायचे
आणि म्हणायचे, "धरला दाणा."
अर्धा चोपडा तालुका चहात जे ढवळायचा
ते आधी त्यांच्या डोळ्यांदेखत आकाराला यायचं.

जिभेवर त्यांचा भरवसा कमी, मुंग्यांवर जास्त.
यात्रेत एकदा मी बर्फाचा लाल गोळा घेतला.
त्यांनी एक चुरका मारला, थुंकले.
"सॅकरिन शे. पयले गोड, मंग कडू."
उरलेला गोळा वारुळापाशी ठेवला.
आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो.
एकही मुंगी वळली नाही.
मला गोळा गेल्याचं रडू,
त्यांना मुंग्या पास झाल्याचा आनंद.

कारखाना बंद पडला, भोंगा गेला.
पुढे दोनेक वर्षांनी परसात,
केळीच्या बुंध्याशी, पहाटे ते जिथे उभे राहत
तिथे मुंग्यांची रांग लागली.
आईने झाडताना पाहिली, काही बोलली नाही.
त्यांनी पाहिली. बराच वेळ शेजारी बसले.
"येसा," म्हणाले, "दाणा धरला."
डॉक्टर निकुंभांचा कागद नंतर आला.
त्यात नुसता आकडा होता.

भटूने जळगावहून पांढरी डबी आणली,
बोटाएवढी, वर बटण.
दाबलं की टिक,
मसुरीहून लहान एक गोळी.
टिक टिक, सकाळचा चहा.
टिक टिक, चारचा.
भोंग्यावर उठणारं घर
आता या आवाजावर उठायचं.
पहिल्या दिवशी गोळी त्यांनी काचपट्टीवर ठेवली,
चष्मा वर सारून, उन्हात धरून पाहिली.
"याले दाणा नई. नुसतं पीठ दाबेल शे."
आणि निमूट प्यायले, सोळा वर्षं.

भटूच्या दुकानातली पाकिटं
ते उलटी करून वाचत बसायचे.
बिस्किट, थंड पेयाचा डबा, खोकल्याचं औषध,
बारीक अक्षरांत तेच लांबलचक नाव.
"टूथपेस्टमा बी?" एकदा ओरडलेच,
जुना वैरी घरात जेवताना सापडावा तसे.

परसातली रांग हळूहळू मोडली.
डॉक्टर खूश. आई खूश.
ते केळीपाशी जाऊन यायचे, म्हणायचे,
"आते माले कोनी इचारत नई."
कोण, ते कधी सांगितलं नाही.

यंदाच्या आखाजीला त्यांच्या नावाची घागर भरली.
मी माहेरी आले, झोका बांधू दिला नाही.
खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, सांजोरी, तूप,
सगळं आगारीला मांडलं. निखारे फुलले
आणि आईचा हात थांबला.
"आता कसलं पथ्य?" भटू म्हणाला.
"सोळा वर्षं पायं त्यासनी," ती म्हणाली,
आणि पुरणपोळीचा घास तुपासकट विस्तवात सोडला.
पुरण करपलं. क्षणभर घरात
गळीत हंगामाचा वास आला.

घागरीशेजारी तिने दोन कप चहा ठेवला.
एकात साखर. दुसऱ्यावर डबी धरली.
टिक टिक.
"चाखीसन ठरावू दे त्यासले."

सकाळी मी आधी तिथेच गेले.
आईने झाडून घेतलं होतं,
कप विसळून पालथे घातले होते.
मुंग्या कुठल्या कपापाशी होत्या
मी विचारलं नाही,
तिनेही सांगितलं नाही.

चहा गाळला. स्वतःच्या कपावर तिने डबी धरली.
"तुला कुठे साखर आहे?" मी म्हटलं.
"नई वं पोरी," ती म्हणाली,
"पन उरेल शेतस ना."