चाकं आधी

कंपनीच्या पत्रकात एवढंच होतं:
चार हप्ते, व्याज शून्य,
ग्राहकाचा नंबर कळवा, बाकीचं आम्ही बघू.
पत्रकाची घडी करून मी
गल्ल्याच्या डगमगत्या पायाखाली सारली.
आता गल्ला हलत नाही.

माझी उधारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात राहते.
रेघांची कार्डं, पेन्सिलीनं लिहिलेली,
कारण इथं शाई गोठते
आणि माणसाचा शब्द कधीकधी
खोडून पुन्हा लिहावा लागतो.
ओदेत त्राँब्ले: रंगाच्या बाटल्या, पगाराला दहा.
पोस्टवाल्याचा धाकटा: ग्लायडर, दारातला बर्फ उपसून फेडणार.
अर्धंच दार मोकळं झालं, पण ग्लायडर अख्खं गेलं.
चालायचंच.

गेताँ ब्रिझब्वा आला तेव्हा बाहेर उणे एकतीस.
गिरणीची रात्रपाळी, कोटाला लगद्याचा आंबूस वास.
कपाटाच्या काचेपुढे टोपी काढून उभा राहिला.
चर्चला तो जात नाही,
म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

पितळी वाफेचं इंजिन, हातभर लांब, सुट्या भागांत.
सहाशे ऐंशी डॉलर.
चिठ्ठी समोर असून त्यानं विचारलं, किती?
मी सांगितलं.
"आणि यातलं नुसतं एक चाक?"

तो थट्टा करत होता.
मी हिशेब केला.

खोक्याचं सील नखानं फोडलं,
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.
दर शुक्रवारी चाळीस, दर शुक्रवारी एक पुडी,
अशा सतरा.
नवरा असता तर म्हणाला असता,
फेर्नांद, उद्या कुणी अर्धी मांजर मागेल.

पहिल्या पुडीत चाकं.
मग आस, दांडे, दट्टे,
डोळ्यात गेले तरी कळणार नाहीत इतके बारीक खिळे.
नवव्या शुक्रवारी येऊन म्हणाला,
"काल धावलं. डोकं नाही त्याला,
पण स्वयंपाकघरभर धावलं."

त्याच महिन्यात गिरणीनं दुसरं यंत्र बंद केलं.
नोटीस आली ती त्यांनीच बनवलेल्या कागदावर.

एक शुक्रवार. दुसरा. मग मी मोजणं सोडलं.
खणात आठ पुड्या: बॉयलर, धुराडं,
चालकाची खोली, आणि घंटा,
वाटाण्याएवढी, लोलक नसलेली.
कंपनीनं एव्हाना पत्र धाडलं असतं,
पहिलं नावानं,
दुसरं नुसत्या आकड्यानं.
माझ्याकडे पाकिटं होती. तिकिटंही होती.

बर्फ काळा पडून गटारात उतरला तेव्हा तो आला,
बगलेत बुटांचं खोकं.
"परत घे. सगळं आहे.
एक खिळा हरवलाय, त्याचे कापून घे."

मी झाकण उघडलं.
एकेक खिळ्याचं डोकं त्यानं कानशीनं घासलं होतं.
काळा रंग असा, की कारखान्यातून कधी येत नाही,
खाली थोडा तांबूस,
पुष्कळ फिरून आलेल्या इंजिनासारखा.

"जोडलेला माल परत घेत नाही," मी म्हटलं.
"पाटी वाच."
पाटी कुठंच नाही.
भिंतीवरून तो बराच वेळ ती शोधत राहिला,
आणि मी गल्ल्यातली चिल्लर
पुन्हा पुन्हा लावत राहिले.

आता ते दर्शनी काचेत गोल रुळावर फिरतं,
नुसती चाकं आणि दांडे.
शाळा सुटली की पोरं हसतात,
हायवेवरचे प्रवासी किंमत विचारतात.
विकायचं नाही, मी सांगते,
मालक वेगळा आहे.

परवा तो तंबाखू घ्यायला शेजारी आला होता.
आत डोकावला. खिसे चाचपले.
दोन डॉलरचं नाणं काउंटरवर ठेवून म्हणाला,
"घंटा कितीला?"

घंटा त्यानं तिथंच बसवली,
चष्मा कपाळावर ढकलून, माझ्या चिमट्यानं.
वाजत नाही ती.
इंजिनाला अजून धुराडं नाही, छप्पर नाही.

मी डबा उघडला, पेन्सिलीला टोक केलं,
कार्डावर लिहिलं:
घंटा, दोन.
मग कॅलेंडर बघितलं.
मंगळवार होता.
मी शुक्रवार लिहिलं.