एकच जोड

व्हाल द उर्झेसच्या क्लबकडे जर्सीचा एकच जोड आहे.
पंधरा हिरव्या, एक पिवळी गोलकीची.
त्यातली तीन नंबरची
आता कुठल्या रंगाची म्हणायची
ते पंचानं ठरवावं.

मी आदेरितु.
बुचांच्या कारखान्यात चौतीस वर्षं
बाटल्यांची तोंडं बंद केली,
आता कपडे धुतो.
पगार नाही. रविवारी बारमधून एक पाव मिळतो
डुकराच्या तळलेल्या कापांचा,
मोहरी हवी तेवढी.

पुरुषांची मॅच अकराला.
बायकांची तीनला.
मधे एक मशीन,
जिचं दार मी गुडघ्यानं दाबून धरतो,
आणि एक दोरी, गोलच्या खांबापासून बारच्या खिडकीपर्यंत.
ऊन असेल तर ठीक.
नोव्हेंबरात डोंगरावरून धुकं उतरतं
आणि दोरीवर येऊन बसतं
देणेकऱ्याच्या दारात बसल्यासारखं.

म्हणून बायका ओल्या जर्सीत खेळतात.
सहा हंगाम झाले.
ग्रासियेत, जी शाळेची बस चालवते, आमची कॅप्टन,
सात नंबर डोक्यातून घालताना
श्वास आत ओढते,
नदीत पहिलं पाऊल टाकावं तसा.
मग कुणीतरी फिसकन हसतं
आणि सगळ्या घालतात.
इव्होन म्हणते, नऊ नंबरला तेल्मुच्या सिगारेटचा वास येतो,
साबण बदला की हो.
मी साबण बदलला.
सिगारेट राहिली.

पुरुषांबद्दल वाईट बोलणार नाही.
अकरा जण गोळा होतात हेच खूप.
आमची मधली फळी लक्झेंबर्गमध्ये फरशा बसवते.
गोलकी बेकरीत रात्रपाळी करतो,
कॉर्नरच्या वेळी त्याला नावानं हाक मारावी लागते.

तर फेब्रुवारीत
बायकांच्या मॅचच्या पंचाला
दुपारी भाचीच्या बाप्तिस्म्याला जायचं होतं.
जिल्ह्याहून फोन आला:
बायका अकराला, पुरुष तीनला,
फक्त या एका रविवारी.

मी बारच्या पायरीवर बसून पाहिलं.
कोरडा कपडा वाऱ्यात फुगतो
हे मी विसरूनच गेलो होतो.
ग्रासियेत उजवीकडून निघाली, पाठीवर सात फडफडत,
आणि बॉल मारला तो थेट
कितेरियाबाईंच्या कोबीत.
कितेरियाबाई बॉल कधी परत देत नाहीत.
त्या दिवशी कुंपणापर्यंत आल्या,
बॉल फेकला, आणि तिथेच उभ्या राहिल्या,
हातात विळा, शिट्टी वाजेपर्यंत.
एक-एक.

मग मशीन. मग दोरी. मग धुकं.

‘ओली आहे,’ तेल्मु म्हणाला.
‘हो.’
‘अहो, ही ओली आहे.’
‘नऊ नंबर ना?
ओलीच असते ती.’

खोलीत कुणी बोललं नाही.
नळ तेवढा गळत होता.
लोक जर्सीकडे पाहत होते
आणि मी बुटांच्या नाड्या सोडवत होतो,
कुणाच्या कोण जाणे.
बेकरीवाला मात्र पिवळी घालताच टक्क जागा झाला,
हंगामात पहिल्यांदा.
तरी तीन गोल खाल्ले.

गुरुवारी कमिटी बसली.
दुसरा जोड घ्यायचा ठराव आला.
हॅमच्या सोडतीतून दोनशे चौदा युरो जमले होते.
पत्र्याला भोक आहे, खजिनदार म्हणाला,
आणि ते खरंच आहे.
पत्रा घेतला.

पुढच्या रविवारपासून पुन्हा पुरुष अकराला.
तेल्मुनं मॅचआधी सिगारेट ओढली नाही.
नंतर ओढली,
पण जर्सी काढून, खिळ्याला लावून,
उघड्या अंगानं थंडीत कुडकुडत,
बाहेर, भिंतीच्या पलीकडे.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी
इव्होननं नऊ नंबर उचलली,
नाकाशी धरली.
माझ्याकडे पाहिलं. साबणाबद्दल काही म्हणाली नाही.
जर्सी ओली होती.
तिनं श्वास आत ओढला.